कोलंबस मुलांना कसा शिकवावा: तिकिटावरून की पत्रावरून?

अमेरिकेने १८९३ मध्ये कोलंबसावर सोळा टपाल तिकिटांची मालिका काढली. एक सेंटच्या तिकिटावर त्याला जमीन दिसतेय, गाल तुळतुळीत. दोन सेंटच्या तिकिटावर तो किनाऱ्यावर उतरलाय, आणि चांगली भरघोस दाढी! १२ ऑक्टोबर १४९२ लाच जमीन दिसली आणि त्याच दिवशी तो उतरला. मग दाढी आली कुठून? आठ-नऊ वर्षांच्या मुलापुढे ही दोन तिकिटं ठेवा, हातात भिंग द्या आणि आपण गप्प बसा. कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटाने तर १९०३ मध्ये त्याच्या हाती दुर्बीणही दिली. ती आली कोलंबस वारल्यावर शंभर वर्षांनी.

तिकीट खिशाला परवडतं. दोन सेंटचं तिकीट अब्जाहून जास्त छापलं गेलं, त्यामुळे शिक्का पडलेलं आजही स्वस्तात मिळतं. त्याच मालिकेतल्या डॉलरच्या तिकिटांच्या वाटेला जाऊ नका. वर्गासाठी मोठी करून छापलेली प्रत पुरे. पण तिकीट सरकार काढतं, तेही गौरवासाठी. त्या एक सेंटच्या तिकिटावर दोन्ही कडांना मूळ रहिवासी बसलेत. ते कोण, त्यांचं पुढे काय झालं? तिकीट मूग गिळून बसतं.

पत्र बोलतं. परतीच्या प्रवासात, फेब्रुवारी १४९३ मध्ये, कोलंबसाने राजदरबारातल्या लुईस दे सांतान्खेलला लिहिलं: हे लोक भित्रे आहेत, लोखंडी हत्यारं त्यांच्याकडे नाहीत, मागाल ते देऊन टाकतात. आणि त्याच पत्राच्या शेवटी राजाराणीला हवं तेवढं सोनं आणि हवे तेवढे गुलाम देण्याची हमी! सातवी-आठवीच्या मुलांना ही दोन वाक्यं एकापाठोपाठ वाचून दाखवली, की वेगळं काही समजवावं लागत नाही. एका प्रांतात शेपटीवाली माणसं जन्मतात, असंही त्यात आहे, अर्थात ऐकीव. पाहिलेलं निळ्या पेन्सिलीने, ऐकलेलं लाल पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगा; तास कसा सरतो कळत नाही. मात्र अख्खं पत्र वाचायला घेतलंत तर पोरं जांभया देतील. निवडक भाग मराठीत करून ठेवण्याची मेहनत तुमची. शिवाय पत्रही काही निव्वळ सत्य नव्हे, पैसा लावणाऱ्यांना खूश करायला लिहिलेलं आहे.

दहा वर्षांच्या आतल्यांना तिकीट, त्यापुढे पत्र, असं माझं मत. एकच तास हाताशी असेल तर मोठ्या मुलांसाठी दाढीवर पाच मिनिटं आणि उरलेला वेळ पत्राला. गुलामांचा भाग गाळूनच वाचणार असाल, तर पत्राच्या भानगडीत पडू नका, तिकीटच बरं.

मुलाला नाद लागलाच, तर पुढे अंटार्क्टिका आहे. तिथल्या दक्षिण गंगोत्री या भारतीय संशोधन तळावर १९८४ मध्ये आपलं टपाल कार्यालय सुरू झालं, तेही गोव्याच्या टपाल विभागाखाली. तिथला शिक्का असलेलं पाकीट मिळालं तर तिकीट आणि पत्र असा वादच उरत नाही.