नर्सरीतलं अनंताचं रोप: घ्यावं, पण माती बदलून

दुहेरी पाकळ्यांच्या अनंताचं रोप जरूर घ्यावं. सुगंधात त्याला तोड नाही. मात्र नर्सरीच्या पिशवीत बहुधा चिकट लाल माती ठासलेली असते. तिच्यात पाणी साचून मुळं कुजतात. बारा इंची कुंडीत दोन भाग बागेची माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत भरून रोप लगेच हलवावं.

खरी अडचण पाण्याची. अनंताला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) साधारण ५ ते ६. बोअरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याने सामू चढतो, मुळांना लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. अशा वेळी चिलेटेड लोह (झाडाला सहज शोषता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला अर्धा ग्रॅम घेऊन पानांवर फवारावं आणि शक्यतो साठवलेलं पावसाचं पाणी द्यावं. कळ्या धरल्यावर माती सुकू देऊ नये, कुंडीची जागाही बदलू नये, कळ्या गळतात. छाटणी बहर ओसरताच करावी.

रोपाच्या चिठ्ठीवर अनंताचं शास्त्रीय नाव ‘गार्डेनिया’ वाचून बागेशी नातं जोडू नका. अमेरिकेतल्या चार्ल्सटनमधले स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर गार्डन यांच्या गौरवार्थ निसर्गअभ्यासक जॉन एलिस यांनी १७६१ मध्ये हे नाव प्रसिद्ध केलं. ‘केप जास्मिन’ हे दुसरं इंग्रजी नाव तर सरळच चुकीचं: झाड मूळचं चीन-जपानकडचं, आफ्रिकेच्या केपचं नव्हे, आणि जाई-जुईच्या कुळातलंही नाही. ते कॉफीच्या कुळातलं.

घेताना पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) नाही ना, एवढं पाहा.