पाणमोट फुटली, कळा मात्र नाहीत: लगेच कळा सुरू करायच्या की थांबायचं?

अंथरूण ओलं झालंय, ओल थांबत नाहीये आणि पोट अगदी शांत. दिवस भरलेल्या शंभर बायकांपैकी साधारण आठजणींच्या बाळंतपणाची सुरुवात अशी होते. पाणमोट, म्हणजे बाळाभोवतीची पाण्याची पिशवी, आधी फुटते, कळा मागाहून येतात. हॉस्पिटलमध्ये तपासणी होते, बाळाचे ठोके ठीक निघतात आणि मग डॉक्टर विचारतात: ड्रिप लावून कळा सुरू करू, की आपोआप येईपर्यंत थांबू? उत्तर बहुधा लगेच हवं असतं, म्हणून त्याचा विचार आधीच झालेला बरा.

खालचं सगळं ३७ आठवडे पूर्ण झालेल्या, एकच बाळ आणि तेही डोकं खाली असलेल्या गरोदरपणासाठी आहे.

निवड आहे की नाही, हे पाणी सांगतं

पाणी स्वच्छ किंवा फिकट पिवळसर असेल, फार तर किंचित गुलाबी झाक असेल, तर विचाराला वेळ आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर बाळाने आतच शी केलेली असू शकते. पाण्याला घाण वास येणं, ताप, उघड रक्तस्राव, बाळाची हालचाल मंदावणं, यांतलं काहीही असलं तर थांबण्याचा पर्याय मिटला. तडक हॉस्पिटल गाठायचं. योनीमार्गात नाळ हाताला लागली किंवा बाहेर दिसली, तर गुडघे टेकून डोकं आणि छाती खाली, कंबर वर अशा स्थितीत राहायचं आणि त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवायची. हे क्वचितच घडतं, पण घडलं तर मिनिटं मोजावी लागतात.

आणखी एक गोष्ट फाइलमध्ये शोधा: ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस या, बाळंतपणात बाळाला लागू शकणाऱ्या जंतूची तपासणी झाली होती का? ती पॉझिटिव्ह असेल तर अँटिबायोटिक सुरू करून कळाही लवकर आणण्याकडेच कल असतो. अशा वेळी माझंही मत तेच आहे, थांबू नये.

थांबलं तर काय होतं

बहुतेकींच्या कळा येतात. साधारण ६० टक्के बायकांना २४ तासांत आपोआप कळा सुरू होतात. दिवस उलटून गेला तरी पुष्कळजणींच्या येतात, पण तोवर पाणमोटेचं कवच नसलेलं गर्भाशय खालच्या जंतूंना मोकळं असतं. खरा धोका तो हाच. 'पाणी संपून बाळ कोरडं पडेल' ही भीती मात्र सोडून द्या. ते पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीतून बनतं आणि पाणमोट फुटल्यावरही बनत राहतं.

लगेच सुरू केलं तर

या प्रश्नावरचा सगळ्यात मोठा प्रयोग १९९६ साली प्रसिद्ध झाला. सहा देशांतल्या ५,०४१ बायका त्यात होत्या. काहींना लगेच ऑक्सिटोसिनची, म्हणजे कळा आणणाऱ्या औषधाची ड्रिप, काहींना गर्भाशयाचं तोंड मऊ करणारं प्रोस्टाग्लँडिन जेल, आणि उरलेल्यांना चार दिवसांपर्यंत थांबवून गरज पडली तरच औषध. बाळाला होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण सगळ्या गटांत २ ते ३ टक्क्यांच्या घरात राहिलं. सिझरचं प्रमाणही सगळीकडे दहा टक्क्यांच्या आसपास. फरक पडला तो आईच्या बाबतीत. लगेच ड्रिप लावलेल्या गटात गर्भाशयातला संसर्ग ४ टक्क्यांना झाला, थांबून मग ड्रिप लावायच्या गटात ८.६ टक्क्यांना.

पुढे २०१७ मध्ये २३ प्रयोग एकत्र करून पाहिले गेले. त्यातही आईचा संसर्ग लवकर प्रसूती केलेल्यांत जवळजवळ निम्मा निघाला, बाळाच्या संसर्गाचं प्रमाणही थोडं कमी आलं आणि सिझरमध्ये ठळक फरक दिसला नाही. पुराव्याचा दर्जा फार भक्कम नाही, हे त्याच आढाव्याने नोंदवलं आहे. तरी एक गोष्ट मला पुरेशी स्पष्ट वाटते: 'ड्रिप लावली की सिझर ठरलेलं' एवढ्याच भीतीपोटी थांबणार असाल, तर आकडे त्या भीतीच्या बाजूने नाहीत.

दुसऱ्या बाजूलाही न्याय द्यायला हवा. त्या १९९६च्या प्रयोगात काहीजणी चार दिवस थांबल्या होत्या. आज कुणी 'सकाळपर्यंत बघू' किंवा 'चोवीस तास बघू' म्हणत असेल, तर तिचा धोका चार दिवस थांबणारीइतका धरणं बरोबर नाही. पाणमोट फुटल्यावर बाळाला गंभीर संसर्ग होण्याची शक्यता सुमारे १ टक्का धरतात, न फुटलेल्यांत ती सुमारे अर्धा टक्का. म्हणजे दुप्पट, पण दुप्पट होऊनही शंभरात एक. चोविसावा तास म्हणजे कडा नव्हे की तिथून पाय घसरला. धोका हळूहळू चढतो.

ज्याकडे दोन्हीकडे दुर्लक्ष होतं

हातमोजा घालून केलेली प्रत्येक आतली तपासणी जंतूंना वर जायला वाट देते, आणि अशा तपासण्यांची संख्या वाढली की संसर्गही वाढतो. 'थांबू या' ठरलं आणि दर चार तासांनी 'तोंड किती उघडलं' बघत राहिलं, तर थांबण्याचा फायदा मिळत नाही आणि तोटा मात्र पदरात पडतो. कळा नसताना गर्भाशयाचं तोंड नुसतं स्पेक्युलमने, म्हणजे योनीमार्ग उघडून बघायच्या उपकरणाने, पाहता येतं. 'ही तपासणी केल्याने आत्ताचा निर्णय बदलणार आहे का?' हा प्रश्न विचारायला लाजू नका.

घरी थांबायचं असेल तर संभोग नाही, टॅम्पॉन नाही, पॅड वापरायचा. जागं असताना दर चार तासांनी ताप, पॅडवरचा रंग आणि बाळाची हालचाल, एवढं बघायचं. शॉवर किंवा अंघोळ चालते. घर आणि हॉस्पिटल यांत निवडायचं झालं तर मी हॉस्पिटल म्हणेन, विशेषतः पहिलटकरणीला आणि ज्यांचं घर लांब आहे त्यांना.

अंगावर येणारा अनुभव

थांबण्यात चालता येतं, खाता येतं, थोडी झोप मिळते, आणि कळा आपल्या चालीने चढतात. ड्रिपमध्ये हाताला सलाईन, पोटावर बाळाच्या ठोक्यांचा पट्टा, आणि कळा बऱ्याचदा लवकर जवळजवळ येतात, त्यामुळे वेदना कमी करण्याची सोय आधी विचारून ठेवावी. तोंड अजून घट्ट असेल तर ते मऊ करायला आधी प्रोस्टाग्लँडिन किंवा मिसोप्रोस्टॉल देतात. आधी सिझर झालेलं असेल तर मिसोप्रोस्टॉल टाळतात, कारण जुना टाका फाटण्याचा धोका असतो.

ड्रिपलाही वेळ लागतो. ती सुरू करून निदान १२ ते १८ तास झाल्याशिवाय 'कळा लागल्याच नाहीत' म्हणून सिझरकडे वळू नये, असं प्रसूतिशास्त्र सांगतं. अर्थात आई आणि बाळ दोघांची तब्येत ठीक असेल तरच. गंमत म्हणजे त्या मोठ्या प्रयोगात 'मला यातलं काहीच आवडलं नाही' असं म्हणणाऱ्या जास्त निघाल्या त्या थांबलेल्या गटांत. ताटकळणंही सोपं नसतं.

३७ आठवड्यांच्या आत असाल तर

तागडी उलटी झुकते. ३४ ते ३७ आठवड्यांमधल्या १,८३९ बायकांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लगेच प्रसूती केलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त झाला आणि सिझरही जास्त झाली. बाळांच्या संसर्गात मात्र म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हा तिथे बारीक लक्ष ठेवून थांबण्याला वजन आहे. ३४ आठवड्यांच्या आत तर बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं, अँटिबायोटिक आणि भरती, हा वेगळाच मार्ग असतो.

मी कुठे झुकते

पूर्ण दिवस, पाणी स्वच्छ, ताप नाही, जंतूची तपासणी निगेटिव्ह, बाळ हलतंय आणि मनाला घाई नको वाटतेय: काही तास, फार तर एक दिवस, आतल्या तपासण्या टाळून थांबण्यात मला गैर दिसत नाही. तोंड आधीच मऊ झालेलं असेल, जंतूची तपासणी झालीच नसेल, किंवा नुसतं पडून राहिल्याने जीव टांगणीला लागत असेल, तर ड्रिप लावून मोकळं व्हावं. आणि थांबायचं ठरलं तरी कोणत्या वेळेला थांबणं संपेल, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. त्यासाठी पाणी नेमकं किती वाजता गेलं ते आत्ताच कागदावर लिहून ठेवा. रात्री दोनची वेळ सकाळी कुणालाच धड आठवत नाही.