रोडवर्दी सर्टिफिकेट हातात आणि काचेवर लाल स्टिकर

मेलबर्नमध्ये नव्याने आलेल्या आणि पहिली जुनी गाडी शोधणाऱ्या प्रत्येक मराठी मुलामुलीपर्यंत हे पोचावं म्हणून लिहिते आहे. आमच्या भाच्याला नऊ हजार डॉलरची गाडी विकणाऱ्याने पद्धतशीर फसवलं. गाडी चोरीची नव्हती, कर्जात अडकलेली नव्हती, कागद सगळे होते. तरीही ती रस्त्यावर चालवायच्या लायकीची नव्हती आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

भाचा मास्टर्स करायला आला. शिक्षण सांभाळून ट्रुगनिनाच्या एका गोदामात संध्याकाळची पाळी करतो. तिथून रात्री बस मिळत नाही, म्हणजे गाडी हवीच. जाहिरातीत एक काळी मित्सुबिशी लान्सर दिसली. खाली बसवलेली, मोठी चाकं, काळ्या काचा, जाड आवाजाचा सायलेन्सर. बाविशीच्या मुलाला आवडणारच. पीपीएसआर नावाच्या सरकारी नोंदवहीत दोन डॉलर भरून गाडीवर कर्ज आहे का, ती चोरीची आहे का, अपघातात बाद ठरली होती का ते बघता येतं. ते बघितलं, स्वच्छ होतं. रेगो, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, चालू होता. रोडवर्दी सर्टिफिकेट, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित असल्याचं तपासणीचं प्रमाणपत्र, ताजं होतं. व्हिक्टोरिया राज्यात (मेलबर्न त्यातच येतं) रेगो असलेली जुनी गाडी विकताना ते द्यावंच लागतं आणि 30 दिवस चालतं.

खाली बसवलेल्या गाडीबद्दल मी स्वतः विचारलं. विकणारा म्हणाला, "आंटी, सगळं इंजिनिअर सर्टिफाइड आहे." व्हॉट्सअॅपवर त्याने सर्टिफिकेटचा फोटोही पाठवला. इथे ठरावीक मर्यादेपलीकडे गाडीत बदल केले तर व्हास या योजनेतल्या मान्यताप्राप्त इंजिनिअरकडून तपासून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, हे मला माहीत होतं. म्हणून तो फोटो बघून बरं वाटलं. फोटोत वरचा भाग आणि सही व्यवस्थित दिसत होती. ज्या ओळीत गाडीचा व्हीआयएन, म्हणजे प्रत्येक गाडीचा वेगळा असणारा ओळख क्रमांक असतो, ती ओळ अंगठ्याखाली होती.

पुढे एका रात्री कामावरून येताना वेरिबीजवळ पोलिसांनी त्याला थांबवलं. वेग बरोबर होता, लायसन्स बरोबर होतं. त्यांचं लक्ष गाडीकडे होतं. टॉर्च घेऊन एक अधिकारी खाली वाकला, टेपने जमिनीपासूनची उंची मोजली, चाकांच्या कमानीत हात घालून बघितलं, पुढच्या काचांना प्रकाश मोजणारा मीटर लावला. मग समोरच्या काचेवर लाल स्टिकर चिकटवला. भाच्याचा फोन आला, "मावशी, गाडी इथून हलवायची नाही म्हणतायत. टो करावी लागेल." आवाज रडवेला झाला होता. व्हिसावर आलेल्या मुलाला पोलीस म्हटलं की आधी व्हिसाच आठवतो. डिफेक्ट नोटिशीचा, म्हणजे गाडीत दोष असल्याच्या नोटिशीचा, व्हिसाशी संबंध नाही, हे त्याला फोनवर दोनदा सांगावं लागलं.

पिवळा स्टिकर म्हणजे किरकोळ दोष. इथले लोक त्याला कॅनरी म्हणतात. मुदतीच्या आत दुरुस्त करून नोटीस क्लिअर करून घ्यायची. लाल म्हणजे गंभीर दोष, गाडी रस्त्यावर चालवायचीच नाही. स्टिकर स्वतः काढणं गुन्हा आहे आणि मुदत टळली तर रेजिस्ट्रेशन सस्पेंड होतं. आणि हे सगळं येतं आजच्या मालकावर. बदल कोणी केले, कधी केले, तुम्ही गाडी कालच घेतली का, याने नोटीस बदलत नाही. आपल्याकडे पुण्यात पोलिसांनी बुलेटचे फटाके फोडणारे सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. इथे सायलेन्सरसाठी, स्प्रिंगसाठी, काचेच्या फिल्मसाठी अख्खी गाडी उभी राहते.

आमच्या ओळखीचे एक मेकॅनिक आहेत, मूळचे सांगलीचे. गाडी त्यांच्या गॅरेजला टो करून नेली. त्यांनी ती लिफ्टवर उचलली आणि मला खाली बोलावलं. "ताई, हे बघा." चाकं हवेत लोंबकळत होती आणि मागची स्प्रिंग तिच्या बैठकीत सैल झाली होती, हाताने गोल फिरत होती. टोकाला ग्राइंडरने कापल्याच्या खुणा होत्या. गाडी खाली बसावी म्हणून कोणीतरी स्प्रिंगच कापल्या होत्या. खड्ड्यावरून गाडी उसळली की अशी स्प्रिंग जागा सोडू शकते. चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे चाक बाहेर काढणाऱ्या चकत्या, घातले होते, ते व्हिक्टोरियात चालत नाहीत. त्यामुळे टायर कमानीला घासून आतल्या कडेने तारा दिसायला लागल्या होत्या, वरून बघितलं तर टायर छान. गाडीच्या पोटाची उंची 100 मिलिमीटर तरी हवी, ती नव्हती. पुढच्या बाजूच्या काचांतून किमान 35 टक्के प्रकाश आत यायला हवा, तोही येत नव्हता. धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर होताच कुठे, त्याच्या जागी सरळ पाइप होता.

मग त्यांनी सायलेन्सरच्या जोडावर टॉर्च धरला. आजूबाजूचं सगळं लोखंड गंजून तपकिरी झालेलं आणि मधोमध तीन बोल्ट नवेकोरे, चकचकीत, पान्याचे ओरखडेही ताजे. "रोडवर्दीला मूळचे पार्ट लावून नेली असणार. सर्टिफिकेट मिळाल्यावर परत हे चढवलं." पुढच्या शॉकअप्सच्या नटांवरही तसेच ओरखडे होते.

हा धंदा असा चालतो. मूळचे स्प्रिंग, सायलेन्सर, चाकं गॅरेजमध्ये जपून ठेवायची, तपासणीपुरती लावायची, मग काढायची आणि तोच संच पुढच्या गाडीला वापरायचा. रोडवर्दी सर्टिफिकेट त्या दिवशी, त्या तपासणीच्या वेळी गाडी कशी होती एवढंच सांगतं. ती वॉरंटी नाही. दुसऱ्या दिवशी गाडीखाली काय बसवलं, ते त्यावर कुठेच उमटत नाही. पीपीएसआरमध्ये बदल किंवा त्यांची मंजुरी दिसत नाही. पीपीएसआर, रेगो, रोडवर्दी हे जे आम्ही तपासलं ते सगळं खरं होतं आणि ज्या ठिकाणी फसवणूक होती तिथवर त्यातला एकही कागद पोचत नव्हता. नवीन आलेल्या मुलांना हे कोणी सांगत नाही, याचा मला फार राग आहे.

स्टिकर लागल्याचं कळल्यावर दुसरी टोळी आली. भाच्याच्या मित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी नंबर दिला. तो माणूस म्हणाला, चारशे डॉलर रोख द्या, गाडी आणायचीही गरज नाही, रोडवर्दी घरपोच. पोरं टेकीला आलेली असतात, टोचा पैसा गेलेला असतो, अशा वेळी हे ऐकायला गोड लागतं. कृपा करून या वाटेला जाऊ नका. गाडी खाली कापलेल्या स्प्रिंगवरच राहते, पोलीस पुन्हा थांबवतात आणि आता खोट्या सर्टिफिकेटच्या प्रकरणात तुमचं नाव असतं. व्हिसावर असताना हे परवडणारं नाही. नोटीस कशी क्लिअर करायची ते त्या कागदावरच लिहिलेलं असतं. आम्ही भंगार गाड्यांच्या यार्डातून मूळचे पार्ट शोधले, दुरुस्ती केली, लायसन्सधारक टेस्टरकडून नवीन रोडवर्दी घेतलं आणि मग नोटीस उतरवली. टो, पार्ट, टायर, कन्व्हर्टर धरून साडेतीन हजार डॉलरच्या वर गेले. बहिणीने मुलाच्या फीसाठी काढलेल्या कर्जातले होते ते.

विकणाऱ्याने आधी फोन उचलला, "प्रायव्हेट सेल आहे, जशी आहे तशी घेतलीत," म्हणाला, मग ब्लॉक केलं. व्हास सर्टिफिकेटचा अंगठा नसलेला फोटो त्याने एका चॅटमध्ये अर्धवट कापून परत पाठवला होता. त्यात व्हीआयएनचे शेवटचे चार आकडे दिसत होते आणि ते आमच्या गाडीचे नव्हते.

प्रायव्हेट विक्रीत वॉरंटी नसते. लायसन्स असलेल्या डीलरकडून दहा वर्षांच्या आतली आणि 1,60,000 किलोमीटरच्या खाली चाललेली गाडी घेतली तर कायद्याने तीन महिने किंवा 5,000 किलोमीटरची वॉरंटी मिळते. म्हणून खासगी माणसाकडून घेणार असाल तर पैसे देण्याआधी तुमच्या, विकणाऱ्याच्या नव्हे, मेकॅनिककडून गाडी लिफ्टवर उचलून बघा. लिफ्टवर न्यायला तो नाही म्हणाला की तिथेच नमस्कार करून निघा. गंजक्या बोल्टांत नवे बोल्ट शोधा. गाडी खाली बसवलेली असेल तर व्हास सर्टिफिकेट हातात घेऊन त्यावरचे सतराच्या सतरा अक्षर-आकडे गाडीवरच्या व्हीआयएनशी जुळवा आणि ज्या इंजिनिअरची सही आहे त्याला फोन करा. इन्शुरन्सवाल्यांना बदल लेखी कळवा, लपवले तर अपघातात क्लेम नाकारू शकतात. पी-प्लेटवर, म्हणजे नवशिक्या चालकाच्या लायसन्सवर, असलेल्या मुलांना इंजिनाची ताकद वाढवलेली गाडी चालवायचीच परवानगी नाही, हेही त्यांच्या आईबाबांना इथे येईपर्यंत माहीत नसतं.

आणि जाहिरातीचे, चॅटचे स्क्रीनशॉट पैसे देण्याआधीच काढून ठेवा. आमच्या गाडीची जाहिरात सौदा झाल्याच्या संध्याकाळीच गायब झाली होती. भाच्याने आधी काढलेले फोटो होते म्हणून आम्हाला कन्झ्युमर अफेअर्स व्हिक्टोरिया या राज्याच्या ग्राहक खात्याकडे तक्रार देता आली. त्या फोटोंवरून शोधलं तर त्याच फोन नंबरवर आणखी खाली बसवलेल्या गाड्या सापडल्या, वेगवेगळ्या नावांनी. व्हिक्टोरियात बारा महिन्यांत चार किंवा जास्त गाड्या विकणाऱ्याला डीलरचं लायसन्स लागतं. स्वतःला प्रायव्हेट म्हणवून वॉरंटी टाळणारा हा माणूस त्या हिशोबात बसतो की नाही, ते ठरवायला एका गाडीची तक्रार पुरत नाही. मेलबर्नच्या पश्चिम भागात अशी गाडी ज्यांनी घेतली आणि स्टिकर लागल्यावर गप्प बसले, त्यांनी रोडवर्दीची प्रत, जाहिरात आणि पैसे दिल्याची पावती घेऊन आपली तक्रार द्यावी. आमची दिलेली आहे.