रिपोर्ट कुठे ठेवायचे: फाईल, हॉस्पिटलचं अ‍ॅप की ‘आभा’?

सत्तरी ओलांडलेले वडील. जुना मधुमेह. औषधपाणी सांगलीच्या फॅमिली डॉक्टरांचं, गुडघ्यासाठी पुण्यातले हाडांचे डॉक्टर, रक्त तपासायला कोपऱ्यावरची लॅब. असा पेशंट ज्यांच्या घरी आहे आणि रिपोर्ट कागदी फाईलमध्ये ठेवावेत, हॉस्पिटलच्या अ‍ॅपवर की ‘आभा’ या सरकारी डिजिटल आरोग्य-खात्यात, असा प्रश्न पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. रिपोर्ट बहुतेक घरांत जपलेले असतातच. अडतं ते पुढे: गुडघ्यासाठी वेदनाशामक लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्या घडीला क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, मागचा इतिहास दिसतो का? आजचा १.४ हा आकडा एकटा फारसं बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी ०.९ होता हे शेजारी दिसलं, की डॉक्टर मूत्रपिंडाला जड जाणारी गोळी टाळतात, मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीचा डोसही पुन्हा बघतात. त्या-त्या पेशंटला बेतलेले उपचार म्हणतात ते रोजच्या ओपीडीत असे दिसतात.

फाईलला नावं ठेवायची फॅशन आहे, पण तिला रेंज लागत नाही, ओटीपी लागत नाही, आणि कुठलाही डॉक्टर ती दोन मिनिटांत चाळतो. तिचे दोष वेगळे. ईसीजीची पट्टी थर्मल कागदावर असते, काही वर्षांत पुसट होते; तिची झेरॉक्स काढलेली घरं मी फार कमी पाहिलीत. शिवाय फाईल सांगलीला आणि वडील पुण्याच्या कॅज्युअल्टीत, हे ठरलेलं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो तेव्हा कामी येतात, पण ते ‘सुप्रभात’च्या ढिगाखालून शोधावे लागतात. ‘हॉस्पिटलकडे असेलच की रेकॉर्ड’ या भरवशावर तर अजिबात राहू नका. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांप्रमाणे भरती पेशंटचे कागद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायचं बंधन आहे, आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायचं. म्हणजे डिस्चार्ज झाला की लगेच मागून घ्यायचे.

हॉस्पिटलच्या अ‍ॅपबद्दल थोडक्यात: सोय चांगली, आकड्यांचा आलेख बऱ्याचदा आयता मिळतो, पण सगळं त्या हॉस्पिटलच्या भिंतीपर्यंत. सगळे उपचार एकाच ठिकाणी असतील तर तेवढं पुरे. आमच्या सांगली-पुणे वडिलांना नाही.

आता आभा. २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा हा १४ आकडी नंबर. आधी एक गोंधळ मिटवते: पाच लाखांपर्यंतच्या मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं, हे वेगळं. आभावर पैसे मिळत नाहीत. तो काढणं ऐच्छिक आहे. कोविडची लस घेताना आधार दाखवलं असेल तर कदाचित तेव्हाच नंबर तयार झालेला असेल, अनेकांचा त्यांच्या नकळत झाला, त्यामुळे आधी तपासा.

रिपोर्ट सरकारच्या एखाद्या मोठ्या गोदामात जातात असा समज आहे. तसं नाही. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथल्याच सिस्टिममध्ये राहतो. आभा फक्त पत्ता जोडते. पुण्याच्या डॉक्टरांनी मागणी केली की तुमच्या मोबाइलवरच्या आभा अ‍ॅपवर विनंती येते: कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे कागद, कुठल्या तारखांपासूनचे आणि परवानगी कधीपर्यंत. बहुतेक जण इथे न वाचता ‘मंजूर’ दाबतात. दाबू नका. गुडघ्याच्या डॉक्टरांना रक्ताचे रिपोर्ट आणि चालू औषधं पुरतात, मानसोपचाराचे जुने कागद कशाला? तेवढी खूण काढून टाकता येते, मुदत कमी करता येते, नंतर परवानगी मागेही घेता येते. अर्थात एकदा वाचलेलं, छापून घेतलेलं परत येत नाही.

सुरक्षेचं म्हणाल, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तिथलं काम हाताने चाललं. पण घाव हॉस्पिटलच्या स्वतःच्या सर्व्हरवर होता. आभा काढला नाही म्हणून तुमची माहिती त्या सर्व्हरवर नसते, असं काही नाही. म्हणून मला ही भीती आभा नाकारायला पुरेशी वाटत नाही. मला खटकतं ते वेगळंच. कोपऱ्यावरची लॅब आणि फॅमिली डॉक्टर आभाशी जोडलेले नसतील तर वडिलांचं आभा खातं जवळजवळ रिकामंच. जुने कागद फोटो काढून चढवता येतात, पण फोटोतल्या आकड्यांचा आपोआप आलेख होईल अशी आशा धरू नका. वडिलांच्या आधारला जुनाच मोबाइल नंबर असेल तर ओटीपीसाठी आधी तो बदलून घ्यावा लागतो.

माझं मत विचाराल तर दोन-तीन ठिकाणी दीर्घ आजाराचे उपचार चालू असतील, तर आभा काढाच, पण फाईल टाकू नका. पहिल्या पानावर तारीखवार एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन, चालू औषधं आणि अ‍ॅलर्जी हाताने लिहून ठेवा. तरुण, धडधाकट माणसाला घाई नाही.

आणि काउंटरवर ‘आभा चालतो का?’ एवढंच विचारू नका. बऱ्याच ठिकाणी क्यूआर स्कॅन करून केसपेपरचं टोकन मिळतं, रांग वाचते, आणि आभाचं काम तिथेच संपतं. विचारा: ‘रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डही आभाला जोडता का?’ उत्तर ‘नाही’ आलं, तर त्याच खिडकीवर कागदी प्रत मागून घ्या.