केबिन, होल्ड की कार्गो? पाळीव प्राण्याला परदेशी नेताना

विमानाने प्राणी नेण्याचे मार्ग तीनच. एक, केबिनमध्ये, तुमच्या पुढच्या सीटखाली. दुसरा, तुमच्याच विमानात, तुमच्याच तिकिटावर, पण होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात. याला एक्सेस बॅगेज म्हणतात. तिसरा कार्गो, म्हणजे स्वतंत्र एअरवे बिलावर (विमानाने माल पाठवण्याच्या पावतीवर), मग तुम्ही त्या विमानात असा किंवा नसा. बहुतेकांच्या मनात केबिन उत्तम, होल्ड मध्यम आणि कार्गो सगळ्यात वाईट अशी उतरंड आधीच ठरलेली असते. मला ती पटत नाही. प्राण्याचे हाल होतात ते प्रवास लांबल्यामुळे, मध्ये विमान बदलावं लागल्यामुळे आणि क्रेटची, म्हणजे प्रवासाच्या बंद पेटीची, सवय नसल्यामुळे. तो विमानात कुठे बसला हा त्यानंतरचा प्रश्न.

शिवाय पुष्कळदा ही निवड तुमच्या हातात नसतेच, कारण ती समोरच्या देशाने केलेली असते. ब्रिटनमध्ये विमानाने येणारे कुत्रे-मांजरं फक्त कार्गोतून येऊ शकतात; सहायक कुत्र्यांना तेवढी सूट आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचंही तसंच. ब्रिटनला जाणारे काही जण पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅमपर्यंत प्राण्याला केबिनमधून नेतात आणि पुढे मोटारीने, इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून किंवा फेरीने जातात. कागदपत्रं चोख असतील आणि प्राणी लहान असेल तर हा मार्ग चांगला आहे. मात्र त्याच बोगद्यातून जाणाऱ्या युरोस्टारच्या प्रवासी रेल्वेगाडीत पाळीव प्राणी चालत नाहीत, तेव्हा पुढच्या मोटारीची सोय आधीच करून ठेवावी लागते.

केबिनची अट सरळ आहे. प्राणी आणि बॅग मिळून साधारण ८ किलोच्या आत, बॅग मऊ आणि सीटखाली मावणारी. म्हणजे मांजर किंवा अगदी छोटा कुत्रा. काही विमान कंपन्या केबिनमध्ये प्राणी घेतच नाहीत, आणि ज्या घेतात त्यांच्याकडेही एका विमानात मोजक्याच जागा असतात. म्हणून आधी प्राण्याची जागा पक्की करा, मग स्वतःचं तिकीट काढा. फायदा उघड आहे, तो तुमच्या नजरेसमोर राहतो. तोटा कुणी सांगत नाही, तो सिक्युरिटीच्या रांगेत कळतो. रिकामी बॅग एक्स-रे मशीनमधून जाते आणि मांजराला बाहेर काढून, हातात धरून तुम्हाला दारातून पलीकडे जावं लागतं. भोवती भोंगे, ट्रे आपटण्याचे आवाज, अनोळखी माणसं. बुजरं मांजर तिथे हातातून निसटलं तर विमानतळावर त्याला शोधणं महाकठीण. अंगाला घट्ट बसणारा हार्नेस आणि त्याला दोरी, ही तयारी महिनाभर आधी घरात झालेली हवी. बऱ्याच विमानतळांवर मागितल्यास तपासणीसाठी बंद खोली मिळते. जरूर मागा.

होल्ड आणि कार्गो यांतला फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा फार लहान आहे. दोन्हींत प्राणी विमानाच्या पोटात, हवेचा दाब आणि तापमान राखलेल्या कप्प्यातच असतो, आणि आत जिवंत प्राणी आहे याची लेखी सूचना वैमानिकाला दिलेली असते. क्रेटचे नियमही तेच, ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेचे. खरा फरक पडतो तो जमिनीवर. एक्सेस बॅगेज असेल तर तुम्ही चेक-इनलाच क्रेट सोपवता आणि उतरल्यावर त्याच विमानतळावर ताब्यात घेता. कागद कमी, खर्चही बहुधा कमी. पण मध्ये विमान बदलायचं असेल तर त्या काही तासांत त्याच्याकडे कोण बघणार, याचं उत्तर काउंटरवर क्वचितच मिळतं. कार्गोत कागद जास्त, काही तास आधी हजर राहावं लागतं आणि पलीकडे कस्टम्सचा वेळही धरावा लागतो. मात्र प्राण्यांची ने-आण नेहमी करणाऱ्या कंपन्यांकडे मोठ्या विमानतळांवर खास जागा आणि माणसं असतात. क्रेट बाहेर काढतात, पाणी देतात, साफसफाई करतात. म्हणून माझा सल्ला असा: थेट विमान असेल तर एक्सेस बॅगेज, मध्ये थांबा असेल तर अशी सोय असलेला कार्गो.

पैशांचा हिशेब मात्र कार्गोत डोळे उघडे ठेवून करा. तिथे भाडं बहुधा प्राण्याच्या वजनावर नाही, क्रेटच्या आकारमानावर लागतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा आणि ६००० ने भागा. १०२ बाय ६९ बाय ७६ चा क्रेट म्हणजे जवळपास ८९ किलो. आत २५ किलोचा लॅब्रॅडॉर असला तरी भाडं ८९ किलोंचंच.

भाडं वाचवायला क्रेट लहान घेऊ नका. काउंटरवर सगळ्यात जास्त प्राणी नाकारले जातात ते याच कारणाने, असं मला वाटतं. माप असं घ्यायचं: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग, ही क्रेटची आतली लांबी. रुंदी खांद्याच्या दुप्पट. उंची तो सहज उभा राहिल्यावर डोक्याच्या किंवा ताठ कानांच्या टोकापर्यंत, आणि वर अंथरुणाची जाडी. चपट्या नाकाच्या जातींना प्रत्येक माप १० टक्के वाढवून. आंतरराष्ट्रीय प्रवासाला चारही बाजूंनी हवा खेळायला हवी आणि दोन भाग जोडायला प्लास्टिकच्या खिट्ट्या नकोत, धातूचे नटबोल्ट हवेत. पाण्याच्या भांड्यात आदल्या रात्री बर्फ जमवून ठेवा. सांडत नाही, हळूहळू वितळतं आणि पुरतं.

गुंगीचं औषध देऊ नका. घरच्यांना दया येते म्हणून ते मागतात, पण त्याने रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, तोल जातो, आणि वर आकाशात मदतीला कुणी नसतं. बहुतेक कंपन्या गुंगीतला प्राणी घेतच नाहीत. गुंगीची जागा सवयीने घ्यायची असते: क्रेट दोन-तीन महिने आधी घरात उघडा ठेवा, जेवण त्यातच द्या, झोप त्यातच होऊ द्या, मग दार लावून वेळ वाढवत न्या.

पग, बुलडॉग, बॉक्सर, पर्शियन मांजर यांच्यासाठी वरची सगळी तुलना बदलते. श्वासाची नळी मुळातच अरुंद, त्यात उकाडा आणि ताण. अनेक कंपन्या त्यांना होल्डमध्ये किंवा कार्गोत नेत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. वजनात बसत असेल तर केबिन, नाहीतर थंड ऋतूतलं थेट रात्रीचं विमान. तेही पशुवैद्याने हृदय आणि श्वास तपासून हो म्हटल्यावरच.

आता वेळ. माणसं तिकिटांची तुलना करत बसतात आणि कॅलेंडर विसरतात. क्रम ठरलेला आहे: आधी १५ अंकी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, मग रक्ताची टायटर टेस्ट, म्हणजे लशीने पुरेशी प्रतिकारशक्ती आली का याची तपासणी. चिपच्या आधी टोचलेली लस युरोपात धरलीच जात नाही. टायटर दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट यायला हवं. युरोपियन युनियन किंवा ब्रिटनच्या मान्य देशांच्या यादीबाहेरच्या देशातून तिथे जायचं तर लशीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि रक्त घेतल्यापासून ३ महिने थांबायचं. जपानला हाच काळ १८० दिवसांचा, आणि तो पूर्ण न करता गेलात तर उरलेले दिवस प्राणी क्वारंटाइनमध्ये. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळच्या मिकलहॅम केंद्रात १० किंवा ३० दिवस, आणि त्यांच्या मान्य यादीत नसलेल्या देशातून थेट प्रवेशच नाही. आधी मान्य देशात जाऊन तयारी करावी लागते. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून ६ महिन्यांखालच्या कुत्र्यांना बंदी केली आणि रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतल्या कुत्र्यांसाठी अटी कडक केल्या. मांजरांना मात्र तिथे रेबीज लशीची केंद्रीय सक्ती नाही. म्हणजे एकाच घरातला कुत्रा आणि मांजर वेगवेगळ्या तारखांना निघू शकतात.

एजंट घ्यावा का? केबिन आणि एक्सेस बॅगेजचं काम शांत डोक्याच्या माणसाला स्वतः जमतं. कार्गोत बऱ्याच कंपन्या बुकिंगच एजंटकडून घेतात. तिथे ‘इपाटा’ या प्राण्यांची ने-आण करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सदस्य यादीत नाव आहे का ते बघा आणि कोटेशनमध्ये काय धरलंय, पलीकडचे कस्टम्स धरलेत का, हे लेखी घ्या. चिप, लस, क्रेटची सवय यांचे पैसे त्याला देण्याची गरज नाही.

मुक्काम वर्षभराचाच असेल, प्राणी म्हातारा किंवा हृदयाचा रुग्ण असेल आणि वाटेत लांब क्वारंटाइन असेल, तर त्याला ओळखीच्या, प्रेमळ घरात ठेवून जाणं हाही चौथा, मानाचा पर्याय आहे. तसं करणाऱ्याला ‘टाकून गेले’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

आणि पोचल्यावर, कितीही ओरडला तरी विमानतळाच्या आवारात क्रेटचं दार उघडू नका. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीतच, आधी पट्टा अडकवून, मग दार.