शोग्रेनसाठी ब्लड टेस्ट की ओठाची बायोप्सी?
डोळे कोरडे, तोंड कोरडं, शोग्रेनचा (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ-अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते तो आजार) डाउट आहे तर आधी अँटी-एसएसए (या आजारात सापडणारी अँटीबॉडी) ही ब्लड टेस्टच करा, सोपी आहे आणि हा आजार ठरवायच्या २०१६ च्या निकषांत ती पॉझिटिव्ह आली की ३ पॉइंट आहेत, एकूण हवेत ४, म्हणजे शर्मर टेस्टमध्ये (पापणीत कागदी पट्टी ठेवून अश्रू मोजतात) ५ मिनिटांत पट्टी ५ मिमी किंवा कमी भिजली की चौथा मिळाला, बायोप्सीची गरजच नाही. पण ब्लड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच असं नसतं बरं का, बऱ्याच जणांची निगेटिव्हच येते! तिथे बायोप्सी कामाची, तिलाही ३ च पॉइंट. खालच्या ओठातल्या बारीक लाळग्रंथी काढतात, फक्त तेवढाच भाग बधिर करून, पण क्वचित ओठ बराच काळ बधिर राहतो, आणि रिपोर्ट वाचणारा पॅथॉलॉजिस्ट अनुभवी हवा.