भाजल्यावर आखडलेला सांधा मोजायला गोनिओमीटर की मोबाईल अ‍ॅप?

गोव्यात फोंड्याकडे नवीन क्लिनिक टाकणारी फिजिओची मुलं हल्ली हमखास विचारतात, फोन अंगावर धरून सांध्याचा कोन मोजणारं अ‍ॅप फुकट मिळतंय तर गोनिओमीटर, म्हणजे तोच कोन मोजायचा दोन दांड्यांचा कोनमापक, घ्यायचाच कशाला. मी दोन्ही वापरतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅपचं चांगलं आधी. कोपर किंवा गुडघा असेल तर झटपट काम होतं, आकडा स्क्रीनवर दिसतो आणि गेल्या महिन्यापेक्षा वाढलेला बघून पेशंटला खरंच हुरूप येतो. शिवाय एक हात मोकळा राहतो, सांधा हळूहळू ताणत नेता येतो आणि नजर व्रणावर ठेवता येते, कारण व्रण पांढरा पडायला लागला की कातडीचा ताण संपत आला समजायचं. गोनिओमीटरला दोन्ही हात अडकतात आणि व्रण जाड असेल तर खालचं हाड चाचपूनही नीट लागत नाही, हे मान्य.

तरी माझं मन गोनिओमीटरकडेच जातं, आणि त्याचं कारण काख. काजूच्या सीझनला फेणी गाळायच्या भाटीवर भाजलेला सत्तरी तालुक्यातला पेशंट घ्या, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) ग्राफ्टिंग, म्हणजे दुसरीकडची कातडी लावणं, होऊन आलेला, काखेत व्रणाचा ताठ पट्टा. हात बाजूने वर घे म्हटलं की तो जमेल तेवढा उचलतो आणि उरलेलं धड दुसऱ्या बाजूला झुकवून भरून काढतो, मुद्दाम नाही, शरीर आपोआप करतं ते. दंडावर धरलेला फोन गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाने फक्त दंडाचा कोन सांगतो, धड कुठं गेलंय त्याला कळतच नाही, मग खांदा ९० अंशांवर अडलेला असताना स्क्रीनवर ११० दिसतात आणि आपण खूश. आधी छातीवर झिरो करून मग दंडावर लावता येतो, पण तेवढ्यात धड परत हलतं. झोपवून मोजावं तर हालचाल आडवी होते, तिथं अ‍ॅपला होकायंत्राचा आधार घ्यावा लागतो आणि लोखंडी कॉटजवळ ते भरकटतं. गोनिओमीटरचा एक दांडा छातीच्या मधल्या हाडाला समांतर आणि दुसरा दंडावर, धड झुकलं की लगेच डोळ्याला दिसतं. मला तरी एवढं पुरेसं वाटलं, तुमच्याकडे हातापायाचेच पेशंट जास्त असतील तर कदाचित वेगळं वाटेल.

बोटांना फोन चालत नाही, तिथं छोटा फिंगर गोनिओमीटरच. आणि मसाजचं खोबरेल, वर पावसाळ्यातला घाम, फोन सटकतो तो वेगळाच.

घ्यायचा तर पारदर्शक, पूर्ण ३६० अंशांचा, लांब दांड्यांचा घ्या. ५ अंशांचा फरक दोन्हीत धरूनच चाला, म्हणजे ३ अंश वाढले म्हणून स्प्लिंट (सांधा ताणून ठेवणारी पट्टी) सोडायला सांगू नका. आणि कशानेही मोजा, शेजारचा सांधा कसा ठेवला होता ते फाईलमध्ये लिहाच, कारण हाताच्या आतल्या बाजूने कोपरापासून तळव्यापर्यंत व्रण असेल तर मनगट वाकवलेलं असताना कोपर सरळ होतं आणि मनगट मागे ताणलं की तेच कोपर अडतं, दुसऱ्याने मोजलं की आकडे जुळत नाहीत आणि पेशंट उगाच घाबरतो.

घरच्यांना मात्र मी अ‍ॅपच सांगतो, कोपर-गुडघ्यापुरतं, रोज सकाळी व्यायामाच्या आधी, त्याच खुर्चीत बसवून.